मी उभी आहो

“आई, मले एक वचन दे,” नूतन फोनवर म्हणाली. “तिथी जाऊन वरडू नको.”

“नाई वरडत, नाई वरडत,” मीराबाई म्हणाली.

“पाह्य! पुन्हा दोनदा. एक डाव बोललं तं समजत नाई का लोकाइले?”

यावर काही बोलावं तर तेही दोनदा तोंडून जाईल, या धास्तीनं मीराबाईनं नुसतं ‘हूं’ केलं आणि फोन पिशवीत टाकला. दारात क्रूझर उभी होती. आत खाणीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि एरवी डंपर चालवणारा हरिदास आज हौसेनं क्रूझरच्या स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवत होता. मीराबाई फुलझेले लग्नाला निघाली, ही गडचांदूरच्या त्या गल्लीपुरती का होईना, बातमीच होती. नूतनच्या लग्नापासून तिनं लग्नांचा धसका घेतला होता. गेलीच कुठे तर एका कोपऱ्यात मिठाची गुळणी धरून बसायची आणि पानावरून उठली की तडक घर गाठायची.

याचं मूळ होतं तिच्या कामात. मीराबाई चुनखडीच्या खाणीवर झेंडीवाली होती. दुपारी खाणीत सुरुंगाचे बार उडतात, त्याआधी खाणीच्या कडेनं जाणारा पांदण रस्ता अडवायचा, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणायला. त्या वेळी गुरं पाण्यावर निघालेली असतात, कापसाचे ट्रॅक्टर येतात, मोटारसायकलवाले येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण तेवढे पटकन निघून जाऊ. त्या सगळ्यांसमोर लाल झेंडी धरून, दोन्ही हात पसरून ही बाई उभी राहते. “मांगं सरा, मांगं सरा!” हा आवाज पलीकडच्या शेतातल्या माणसाला ऐकू जातो आणि तो बिचारा उगाचच दोन पावलं मागे सरतो. नवरा गेल्यावर ठेकेदारानं तिला झाडलोटीला घेतलं होतं. एकदा झेंडीवाला गडी रजेवर गेला म्हणून तिला तात्पुरतं उभं केलं. तो परत आला, पण झेंडी काही त्याला परत मिळाली नाही.

काम माणसात मुरतं. मीराबाईत ते जरा जास्तच मुरलं. वॉकीटॉकीवर खरखर फार, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची शिस्त; ती शिस्त तिच्या मागोमाग घरी आली. “भाकर झाली, भाकर झाली.” रस्त्याकडे पाठ करायची नाही, हीही शिस्त, म्हणून विहारात बसतानासुद्धा ती अशी तिरपी बसायची की समोर तथागत आणि डोळ्याच्या कोपऱ्यात दार. आणि बार उडताना कानाचे पडदे सांभाळायला तोंड उघडं ठेवायचं असतं. त्यामुळे कुणी खिशातून नुसता फटाका काढला तरी मीराबाईनं आ वासलाच म्हणून समजा.

नूतनचं लग्न माजरीला झालं. वरात सभागृहासमोर आली. कुणीतरी फटाक्यांची लांबलचक माळ रस्त्यावर अंथरली आणि काडी ओढली. ते पाहताच नवरीची आई असलेली, नवी कोरी पांढरी साडी नेसलेली ही बाई रस्त्याच्या मधोमध धावली, दोन्ही हात पसरले आणि “मांगं सरा, मांगं सरा!” असा काही आवाज दिला की बँड बंद पडला, घोडा उधळता उधळता राहिला आणि नवरदेवाची आत्या मागे सरता सरता नालीत बसली. मग माळ फुटली, तेव्हा विहीणबाई अख्ख्या वऱ्हाडासमोर आ वासून उभी! त्याचा व्हिडिओ झाला, आणि माजरीत तिचं नाव पडलं, ‘झेंडीवाली इहीण’. नूतनच्या सासरची माणसं तशी भली. त्यांनी हसून सोडून दिलं. पण हसले ते हसलेच, आणि ते हसणं नूतनला अजून टोचत होतं. लेकीला टोचतं म्हणून आईलाही.

तरी या लग्नाला जाणं भाग होतं. लग्न रंजीताचं होतं.

“मीराबाई, झेंडी घेतली का?” राजुरा मागे पडल्यावर हरिदासनं आरशातून विचारलं.

“चूप बस. समोर पाह्य, समोर पाह्य.”

गाडीत हशा पिकला.

“हासा बाप्पा,” मीराबाई म्हणाली. “अन् तू रे? पंगतीतून उठतानी तोंडानं हॉर्न वाजवते म्हने. तुयी बायको सांगत होती मले.”

हे खरं होतं. डंपर मागे घेण्याआधी हॉर्न द्यायचा, या सवयीनं हरिदास जेवणाचा पाट मागे सरकवतानाही तोंडातल्या तोंडात ‘पीं’ करायचा. त्यानं नाकबूल केलं नाही.

“आपल्यापक्षा मॅडम बऱ्या,” तो म्हणाला. “त्याइचा फक्त अंगठाच बोलते.” आणि त्यानं उजवा हात कमरेशी नेऊन अंगठ्यानं हवेतलं एक बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. सगळ्यांनी ओळखलं. रंजीता कुठेही थांबून राहिली, कँटीनमध्ये चहासाठी म्हणा की रेल्वेच्या फाटकाशी म्हणा, की तिचा अंगठा कमरेला नसलेल्या वॉकीटॉकीचं बटण दाबायला लागायचा. तिचं तिलाही कळायचं नाही.

मीराबाई मात्र या वेळी हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

रंजीता कोडापे ही कोरपन्यापलीकडच्या डोंगरातल्या गावची, गोंडांची पोर. खाणकामाचा डिप्लोमा केला, परीक्षा दिली आणि ब्लास्टर होऊन आली. म्हणजे सुरुंग भरून घ्यायचे, तारा जोडायच्या आणि सगळे रस्ते बंद झाल्याचे निरोप आले की बटण दाबायचं. एका पोरीच्या हातात बटण, म्हणून सुरुवातीला बाप्ये मंडळी आपसांत बरंच काही बोलली. पहिल्यांदा एकटीनं बार उडवायचा होता, त्या दिवशी चारी बाजूंनी निरोप आले, मीराबाईनंही “रस्ता बंद, रस्ता बंद” सांगितलं, भोंगा वाजला आणि पुढे काहीच झालं नाही. नुसती खरखर. मग पोरीचा बारीक आवाज आला.

“मीराबाई, तुमी आहा ना तिथी?”

आता झेंडीवाली झेंडी सोडून जाणार कुठे? पण मीराबाईला त्या आवाजातली थरथर कळली. लग्नाआधीच्या रात्री नूतनचा आवाज असाच झाला होता.

“आहो ना, मॅडम. मी उभी आहो, मी उभी आहो.”

आणि जमीन हादरली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. ‘रस्ता बंद, रस्ता बंद. मी उभी आहो, मी उभी आहो.’ सुरक्षेच्या साहेबांनी एकदा हटकलं, “मीराबाई, वॉकीटॉकीवर कामापुरतं बोलायचं. तुम्ही उभ्या आहात की बसल्या आहात, ते कंपनीला नको.” दुसऱ्या दिवशी मीराबाई कामापुरतं बोलली. भोंगा वाजून वाजून थकला, पण बार काही उडेना. रंजीताला विचारलं तर ती म्हणाली, “निरोप पुरा नाई आला, सर.” शेवटी साहेबच वैतागून म्हणाले, बोला बाई तुम्हाला काय बोलायचं ते.

एक खाणीतल्या लोखंडी आडोशात, दुसरी रस्त्यावर, आणि मध्ये दगडमातीचा हा मोठा ढीग. बार उडताना त्या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंच नव्हतं. होता तो नुसता आवाज. आता रंजीता आलापल्लीकडच्या वनरक्षकाशी, कुलदीप सिडामशी लग्न करून तिकडच्याच लोखंडाच्या खाणीत नोकरीला लागणार होती. गडचांदूरच्या तिच्या शेवटच्या दिवशी मशीन बिघडलं म्हणून बारच झाला नाही. त्यामुळे निरोप घ्यायचा राहिला तो राहिलाच. “लग्नाले याच लागते, मीराबाई,” एवढंच ती जाता जाता म्हणाली होती.

आष्टीचा पूल ओलांडला, वैनगंगा उन्हात पांढरी पडली होती. मग दोन्ही बाजूंना सागवान सुरू झालं, आणि बऱ्याच वेळानं मोहाच्या मोठ्या झाडाखाली जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव दिसला.

“जय सेवा, जय सेवा,” मांडवातली माणसं पुढे आली.

“जय भीम,” मीराबाई म्हणाली. एकदाच. तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

इथली रीत तिला पहिल्याच फटक्यात आवडली. इथे नवरदेव वरात घेऊन जात नाही. नवरीच आपली माणसं घेऊन, ढोल वाजवत नवऱ्याच्या गावी येते आणि लग्न त्याच्या अंगणात लागतं. रंजीता आदल्या संध्याकाळीच आली होती आणि गावाच्या टोकाच्या एका घरी उतरली होती.

“हे बेस हाये,” मीराबाई हळूच म्हणाली. “पोरगी आपल्या पायानं येते.”

रंजीताची आई सोमारी पोरीच्या आधीच मांडवात येऊन तिच्या शेजारी बसली होती. वाळकी, कमी बोलणारी बाई. “तुमी मीराबाई का?” तिनं विचारलं. “घरी तुमचंच नाव राह्यते तिच्या तोंडी.”

मीराबाईला यावर पुष्कळ बोलायचं होतं. ती फक्त हसली. बाहेर पोरांनी सुतळी बॉम्ब लावला, तेव्हा तिनं आ वासला, पण पदर तोंडावर घेऊन. सोमारीला काळजी वाटली.

“तब्येत बरी नाई का, बाई?”

“बरी हाये.”

पुन्हा एकदाच! पण या खेपेला कौतुक वाटलं नाही. घशात घास अडकावा तसा तो दुसरा ‘बरी हाये’ अडकून बसला. असं दिवसभर चूप बसणं म्हणजे आपण इथे नसल्यासारखंच की, असं तिला वाटलं. पण वचन ते वचन.

ढोल जवळ आले. पुढे सनई, मागे नाचणाऱ्या बाया, आणि मध्ये हळदीनं पिवळी झालेली रंजीता. रोज हेल्मेट आणि बुटांत वावरणारी पोर लुगड्यात इतकी लहान दिसत होती की हरिदासनं आधी तिला ओळखलंच नाही. मांडवाच्या तोंडाशी एक मुसळ आडवं ठेवलेलं होतं. त्याच्या पलीकडे कुलदीप उभा होता, आणि त्याच्या बाजूला भुमक वारलू, गावाच्या देवांचं करणारा म्हातारा.

सोमारीनं मीराबाईच्या कानाशी लागून सांगितलं, “ते मुसळ वलांडलं का मंग पोरगी या घरच्या देवाची झाली. पन तिले कोनी हात नाई धरत. मायेरच्यानं ‘जा’ म्हनाचं नाई, सासरच्यानं ‘ये’ म्हनाचं नाई. जबरदस्तीनं आनली असं कोनी म्हनू नोये.”

म्हाताऱ्यानं हात वर केला. ढोल थांबले, सनई थांबली. रंजीता मुसळापाशी आली आणि उभी राहिली.

उभीच राहिली.

आधी कुणाला काही वाटलं नाही. नवरी जराशी थांबतेच. पण ती काही पाय उचलेना. मान खाली, नजर मुसळावर. मांडवात चुळबुळ सुरू झाली. कुलदीपची आत्या बायनाबाई शेजारणीला म्हणाली, आणि हळू म्हणाली तरी त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं, “काऊन थांबली वं? मनात नाई का पोरीच्या?”

“नौकरीवाली हाये ना,” दुसरी म्हणाली.

कुलदीपचा चेहरा उतरला. तो एक अक्षर बोलू शकत नव्हता, ‘ये’ म्हणायची त्याला बंदी. सोमारीनं मीराबाईचं मनगट घट्ट धरलं. ‘जा’ म्हणायची तिला बंदी. इथून पोर मागे फिरली तर दोन्ही गावांत आयुष्यभर बोललं जाईल, हे तिच्या त्या धरण्यावरून मीराबाईला समजलं.

आणि तेव्हाच मीराबाईला अंगठा दिसला.

रंजीताचा उजवा हात कमरेशी, निऱ्यांपाशी होता. अंगठा दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

अगं माझ्या बाई! पोरीच्या मनात सगळं आहे. पोर तयार आहे. सुरुंग भरलेत, तारा जोडल्यात, भोंगा वाजून गेलाय. निरोप तेवढा पुरा आलेला नाही.

तिनं वळून हरिदासकडे पाहिलं. त्यालाही तो अंगठा दिसला होता. तो मीराबाईकडेच बघत होता, आणि आज पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“मीराबाई,” तो नुसतं पुटपुटला.

पण मीराबाई जागची हलेना. परकं गाव, परके देव, आपण कोण? ना मामी ना मावशी, ठेकेदाराची झेंडीवाली. समोर दहा ठिकाणी मोबाइल वर धरलेले. माजरीचं हसणं तिला ऐकू आलं. नूतनला दिलेलं वचन आठवलं, तेही दोनदा दिलेलं. आता तोंड उघडलं तर या वेळी दोन जिल्हे हसतील. आणि नाही उघडलं तर? मॅडम तिथे उभी आहे, आणि रस्त्यावर आपण असूनही नाही आहोत. असं या झेंडीवालीनं आजवर कधी केलं नव्हतं. ‘जा’ म्हणायचं नाही, ‘ये’ म्हणायचं नाही. पण तिला या दोन्हींतलं काहीच म्हणायचं नव्हतं.

तिनं सोमारीचा हात हलकेच सोडवला आणि उठून उभी राहिली. पदर कमरेला खोचला.

“मी उभी आहो! मी उभी आहो!”

मोहाच्या झाडावरून पोपटांचा थवा उडाला. गावातली कुत्री भुंकायला लागली. पलीकडे भाताच्या हंड्यापाशी कुणाच्या तरी हातातून झारा पडला. सगळा मांडव वळून तिच्याकडे बघत होता. एक रंजीता सोडून. तिनं मान वळवली नाही. तिचा अंगठा थांबला. तिनं उजवा पाय उचलला, मुसळावरून पलीकडे ठेवला, मग डावा.

ढोल असे कडाडले की मीराबाईनं सवयीनं आ वासला, आणि पदर घ्यायचं विसरली.

मग ती चटकन खाली बसली. सोमारी रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मीराबाईनं मान खाली घातली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. इतक्यात समोर काठी टेकल्याचा आवाज आला. म्हातारा वारलू तिच्यासमोर उभा होता.

“कोन वरडलं?”

मांडवातल्या माना पुन्हा मीराबाईकडे वळल्या.

“मी, मी,” मीराबाई म्हणाली.

“नवरीची कोन लागते तू?”

रोज दुपारी जिच्या आवाजावर आपण जीव लावून उभं राहतो, तिला नात्यात काय म्हणतात? “संगं काम करतो आमी,” ती कशीबशी म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिला खालपासून वरपर्यंत निरखलं. “अन् उभी आहो म्हन्ली ना तू?”

“हो.”

“मंग बसली काऊन? देवाइनं आयकलं, गावानं आयकलं. आता लगन लागेपावतर उभीच राहाय. चाल, इकडं ये.”

त्यानं तिला पुढे नेऊन मांडवाच्या मधल्या खांबापाशी, अगदी नवरीच्या मागे उभं केलं. लोक हसले. पण ते हसणं वेगळं होतं. त्यात बायनाबाईही हसत होती आणि पुढे सरकून मीराबाईला जागा करून देत होती. फेरे झाले, तांदूळ पडले. मीराबाई उभी होती. पाय दुखले असतील, तिला पत्ता नव्हता. छाती अभिमानानं भरून आली होती. आपला जो आवाज लेकीला नको होता, ज्या आवाजाची माजरीत नक्कल होते, तो आज एका पोरीच्या लग्नात उभा केला गेला होता, भर मांडवात, देवांच्या साक्षीनं. एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. इतका वेळ ती रस्त्याकडे पाठ करून उभी होती.

जेवणं झाल्यावर रंजीता तिला शोधत आली. हातात हात घेतले, तर मीराबाईचे हातही पिवळे झाले.

“मले वाटलं तुमी आल्याच नाई,” रंजीता म्हणाली. “सकाळपासून आवाजच नाई तुमचा कुठी. मी तिथी येऊन थांबली अन् मले काई सुचेचना.”

“नूतननं नाई म्हन्लं होतं वं. चूप राह्य म्हने.”

“तुमी अन् चूप?” रंजीता खळखळून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “तिथी नव्या खाणीत कोन राह्यते का मालूम रस्त्यावर.”

“राह्यते ना कोनी ना कोनी. चांगलंच राह्यते,” मीराबाई म्हणाली. “तू पुसत जाय. आहा का म्हनून पुसत जाय.”

परतीच्या वाटेवर नूतनचा फोन आला. हरिदासनं व्हिडिओ खाणीच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तो त्यांच्या आधी माजरीला पोचला होता.

“वरडलीच ना तू?”

“वरडली,” मीराबाई म्हणाली.

“आमच्या आत्याबाईनं दोनदा पाह्यला व्हिडिओ,” नूतन म्हणाली. आत्याबाई म्हणजे नालीत बसलेली.

“हासली का?”

“नाई वं. म्हने, तुह्या मायचा आवाज लय बेस हाये. म्हने, आमच्यासाठी असं कोनी वरडलं नाई.” मग नूतनचा आवाज बारीक झाला. “आई, माह्या लग्नात मी तुह्यावर लय चिडली होती ना.”

“जाऊ दे, जाऊ दे,” मीराबाई म्हणाली, आणि नूतननं या वेळी दोनदा काऊन म्हणून विचारलं नाही.

सोमवारी दुपारी पांदण रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी झाली. शेळ्या होत्या, एक ट्रॅक्टर होता, आणि एक मोटारसायकलवाला होता, ज्याला फक्त पटकन निघून जायचं होतं. मीराबाईनं त्याला मागे सारलं, झेंडी फडकावली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

“रस्ता बंद, रस्ता बंद.”

पुढचे शब्द ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. तिकडे आजपासून प्रफुल नावाचा नवा ब्लास्टर होता. त्याला कशाला ते? ती सवय दोघींची होती, आणि दोघींतली एक आता गेली होती. भोंगा वाजला. तिनं हात पसरले, तोंड उघडलं आणि वाट पाहिली.

काहीच झालं नाही. नुसती खरखर. मग आवाज आला.

“मीराबाई?”

“बोला साहेब, बोला साहेब.”

“ते राह्यलं ना तुमचं.”

“काय राह्यलं?”

प्रफुल जरा अडखळला. “मले बी नाई मालूम बरोबर. कोडापे मॅडम जातानी सांगून गेल्या. म्हने, मीराबाई शेवटचं एक बोलतीन. ते आयकल्याबिगर बटन दाबू नको.”

मीराबाईनं खाणीकडे पाहिलं. दगडमातीच्या ढिगापलीकडे काही दिसत नव्हतं, कधी दिसलंही नव्हतं.

“काऊन टाइम लावून राह्यली वो बाई?” मोटारसायकलवाला कुरकुरला.

तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बटण दाबलं.

“मी उभी आहो,” ती म्हणाली, आणि आवाज मध्येच फाटला. मग तिनं घसा साफ केला, ताठ झाली, आणि पलीकडच्या शेतातल्या माणसानं मान वर करून बघावी, अशा आपल्या नेहमीच्या आवाजात दुसऱ्यांदा म्हणाली, “मी उभी आहो!”

जमीन हादरली. ढिगामागून पांढरी धूळ वर आली आणि वाऱ्यावर रस्त्याकडे सरकली. शेळ्यांवर, ट्रॅक्टरवर, झेंडीवर, मीराबाईच्या केसांवर बसत गेली. धूळ खाली बसेपर्यंत तिनं पसरलेले हात खाली घेतले नाहीत.